काळी एक, प्लस-मायनस

आमच्या कंपनीत एक खोली आहे. तिथे बारा महिने चोवीस तास २० अंश सेल्सिअस असतं. मे महिन्यात चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हेल्मेटच्या आत घामाची स्वतंत्र असेंब्ली लाईन सुरू होते, पण त्या खोलीत २० म्हणजे २०. कारण तिथे माणसं राहत नाहीत, गेज राहतात. स्लिप गेज, प्लग गेज, मास्टर रिंग. पोलाद तापलं की वाढतं, मीटरभर लांबीला एका अंशामागे साडेअकरा मायक्रॉन. म्हणून मोजमाप कुठल्या तापमानाला धरायचं, हे जगाने १९३१ सालीच ठरवून टाकलंय. मे महिन्यात त्या खोलीत प्रत्येकाचं काही ना काही काम निघतं. मागच्या वर्षी एचआरचे एक गृहस्थ ‘जरा गेज बघतो’ म्हणून आले आणि पाऊण तास गेज बघत बसले.

मी क्वालिटीत आहे. आमच्या पट्ट्यात, म्हणजे निगडीपासून भोसरीमार्गे चाकणपर्यंत, माणसाची ओळख आडनावाआधी डिपार्टमेंटने होते. आमचा रविवार गुरुवारी येतो आणि आमचं ‘बरं चाललंय’ हेसुद्धा प्लस-मायनसमध्ये असतं. २५ मिलिमीटरचा पिन असेल तर तो १० मायक्रॉन इकडे किंवा तिकडे. त्यापलीकडे गेला की लाल डबा. अशी सगळी नोकरी लाल डब्याच्या साक्षीने काढलेल्या माणसाने घरी बसून स्वतःच्या हाताने एक वस्तू बनवली, आणि ती एका अंशाला पोलादाच्या तीनशे पट बिघडते. त्या वस्तूला ऑसिलेटर म्हणतात.

खापर भाच्यावर फोडतो. त्याने एका गुरुवारी मोबाईलवर एक रेकॉर्ड ऐकवली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. भैरव, यमन, मालकंस, सगळे. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली, कारण शिकागोतल्या पोरांनी पुढे ज्या संगीताचा शोध लावला म्हणून नाव कमावलं, त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी या गृहस्थांनी आधीच करून ठेवलं होतं. मला ठेक्याचं काही वाटलं नाही. पण त्या यंत्रातून निघालेली मींड ऐकली आणि म्हटलं, हे आपण बनवायचं. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या प्रत्येक कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणतात, मग तो कुणीही बनवलेला असो. मला कॅसिओ नको होता. मला आत कपॅसिटर खरोखर भरतोय आणि रिकामा होतोय, असं यंत्र हवं होतं.

तत्त्व सोपं आहे. कपॅसिटर म्हणजे टाकी. ती भरत जाते, काठोकाठ भरली की एकदम रिकामी करायची, पुन्हा भरायची. सेकंदाला २७७ वेळा झालं की पेटीची काळी एक. पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या टाकीचा सूर कुणाला ऐकू येत नाही, एवढाच फरक. धार मोठी केली की टाकी लवकर भरते, सूर चढतो. धार लहान केली की उतरतो. प्रश्न एकच: पट्टी दाबल्यावर धार किती मोठी करायची?

इथे दोन पंथ आहेत, आणि आमच्या पट्ट्यातल्या कुणालाही ते समजवायला दोन मिनिटं पुरतात, कारण हा वेतनकराराचाच प्रश्न आहे. वाढ रुपयांत द्यायची की टक्क्यांत? सूर टक्केवारीने चढतो. सा ते वरचा सा म्हणजे थेट दुप्पट, आणि प्रत्येक अर्ध्या स्वराला सहा टक्क्यांना थोडी कमी वाढ, साधारण आमच्या अप्रेझलइतकी. अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांनी टक्क्यांचा करार केला: एक व्होल्ट वाढवला की सप्तक चढायचं, मग तुम्ही खर्जात असा की तारसप्तकात. जपानच्या कॉर्गने १९७८ च्या एमएस-२० मध्ये रुपयांचा करार केला: जितके व्होल्ट त्या प्रमाणात हर्ट्झ. त्यात ऑसिलेटर बांधायला सोपा आणि तापमानाची कटकटही कमी. पण सप्तक उतरलं की व्होल्ट निम्मे, पुन्हा उतरलं की पाव. खाली येता येता हातात चिल्लर उरते आणि मग कुठल्याही वायरीतून आलेली बारीकशी खरखरसुद्धा सुराला हलवून जाते. आठ हजार पगार असलेल्याच्या खिशातून दोनशे गेले तर ते जाणवतंच.

मी स्टाफमधला. टक्क्यांचा करार घेतला.

आता व्होल्टची टक्केवारी कोण करून देणार? हे काम एका साध्या ट्रान्झिस्टरला उपजत येतं. त्याच्या बेसवर सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढवले की त्यातून वाहणारा करंट दुप्पट. आणखी १८ वाढवले की चौपट. असा गुणी माणूस दोन-तीन रुपयांत मिळतो म्हटल्यावर मला संशय यायला हवा होता. सप्लायर इतका स्वस्त देतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे, हे मी रोज कंपनीत इतरांना सांगतो.

सामान आणायला पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचे पन्नास नग, ऑप-अँप, प्रीसेट, पॉलिस्टायरिन कपॅसिटर. यादीत शेवटी होता ‘तापमानाप्रमाणे बदलणारा रझिस्टन्स, ३३०० पीपीएम’. दुकानदाराने यादी दोनदा वाचली आणि शांतपणे म्हणाला, “काका, सगळेच बदलतात. स्वस्तातला घ्या, जास्त बदलेल.”

पन्नास नग आणले, त्यातून दोन जुळे काढायचे होते. एक ट्रान्झिस्टर एकटा वापरला तर तापमानागणिक त्याचा मूळ करंटच भरकटतो, दहा अंशांत दुपटीहून जास्त. जुळा भाऊ समोर बसवला की दोघांचं भरकटणं एकमेकांत वजा होतं. म्हणून मल्टिमीटर घेऊन वधूवर सूचक मंडळासारखा पन्नासांच्या पत्रिका जुळवत बसलो. अडचण अशी की बोटाचा स्पर्श झाला की त्याला ताप चढतो, एका अंशाला दोन मिलिव्होल्टचा फरक. म्हणून स्वयंपाकघरातला चिमटा आणला. वाऱ्याने आकडा हलतो म्हणून पंखा बंद केला.

“अहो, पंखा का बंद केलाय?”

“ट्रान्झिस्टरला वारा लागतोय.”

“आणि मला उकडतंय त्याचं रीडिंग कोण घेणार?”

शेवटी बत्तीस नंबर आणि एकेचाळीस नंबर जुळले. पाठीला पाठ लावून फेविक्विकने चिकटवले. पहिल्यांदा माझा अंगठाही सोबत चिकटला होता, तो प्रसंग वगळतो.

फेब्रुवारीतली सकाळ होती, साडेपाच वाजलेले. गॅलरीला वरून पत्रा टाकून आम्ही जी खोली केलीय, तिच्यात २० अंश. आमच्या गेजरूमसारखे! ऑसिलेटर चालू केला, मंद्रापासून तारापर्यंत पट्ट्या दाबत गेलो. सुरेल. डोळ्यांत पाणी आलं, त्यात सोल्डरच्या धुराचा वाटा किती हे मोजलं नाही. दुपारी जेवून पुन्हा बसलो. पत्रा तापलेला, थर्मामीटर ३५ वर. मध्य सा ठीक होता. वरचा सा दाबला तर काहीतरी घशाला अडकल्यासारखं झालं. मोजलं तर ५८ सेंट उतरलेला. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणजे निम्म्याहून जास्त गेला. दोन सप्तकं वर गेलो तर सा च्या पट्टीतून नीपेक्षाही खालचं काहीतरी निघालं. आणि खर्जात उलट, तिथे सगळे सूर चढलेले. सप्तक सुकलेल्या लाकडासारखं दोन्हीकडून आकसलं होतं.

क्वालिटीचा माणूस अशा वेळी रडत नाही, फाइव्ह व्हाय करतो. वरचा सा का उतरला? करंट दुप्पट झाला नाही. का नाही झाला? १८ मिलिव्होल्ट पुरले नाहीत. का नाही पुरले? दुप्पट व्हायला जो व्होल्टेज लागतो, तोच तापमानाबरोबर वाढतो. का वाढतो? कारण तो निरपेक्ष तापमानाच्या सरळ प्रमाणात असतो. ते का? तर बोल्ट्झमनचा स्थिरांक. इथे पाच प्रश्न संपले. रूट कॉज सापडला, पण सप्लायरकडून एट-डी रिपोर्ट मागवायची सोय नाही; लुडविग बोल्ट्झमन १९०६ सालीच गेले. म्हणजे मी सूर काढायला बसवलेली वस्तू मुळात थर्मामीटर आहे. ती गाते, ही तिची साईड इन्कम.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचं यंत्र बसवलं होतं. अहमदाबादेत! मूगला हवामानाबद्दल काही सांगितलं होतं की नाही कोण जाणे. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात चित्रपटसंगीतात मूग आणला, पण रेकॉर्डिंग स्टुडिओला एसी असतो. आमच्या गॅलरीला पत्रा आहे.

उपाय दोन. एक, चिपलाच भट्टीत बसवायचं. एकाच कणावर पाच ट्रान्झिस्टर असलेली सीए ३०४६ नावाची चिप घ्यायची, एकाला हीटर करायचा, दुसऱ्याला थर्मामीटर, आणि उरलेल्यांना कायम एका तापात ठेवायचं. चालतं, पण मैफलीआधी यंत्राला घाम येईपर्यंत थांबावं लागतं आणि वीज खातं ते वेगळंच. दुसरा उपाय तोच, ३३०० पीपीएमचा रझिस्टन्स. ट्रान्झिस्टरची भूक जितकी वाढते तितकंच ताटातलं वाढवणारा. तो मिळत नव्हता.

मग एका रात्री सेकंड शिफ्ट करून येताना कंपनीच्या बसमध्ये आठवलं, की तांबंसुद्धा तापलं की त्याचा रझिस्टन्स वाढतो. एका अंशाला ०.३९ टक्के. मला हवेत ०.३३, म्हणजे तेच ३३०० पीपीएम. थोडं जास्त होतंय, पण त्यात साध्या रझिस्टन्सची भेसळ केली की झालं: ८५ ओम तांबं, १५ ओम साधा. मला हवी ती वस्तू आमच्या भोसरीत किलोवर मिळते! मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो.

“किती एचपीची मोटर?”

“मोटर नाही. ४२ गेजची वायर पाहिजे, ४० मीटर.”

“४० मीटरमध्ये पंखापण होत नाही, भाऊ. करायचंय काय?”

“सूर लावायचाय.”

त्याने वायर कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती भोसरीत सहसा दारू सोडवायच्या औषधाच्या जाहिरातीवरच दिसते.

वायर पेन्सिलीवर गुंडाळली, जुळ्या भावांच्या अंगावर चिकटवली, म्हणजे तिघांना एकच ताप. चालू केलं तर सुराला गुळण्या केल्यासारखी घरघर. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची धडधड ही गुंडाळी झेलत होती. मी रझिस्टन्स म्हणून जे बनवलं होतं ते तिच्या मते कॉइल होतं. मग सगळी वायर सोडवली, मध्यावर दुमडली आणि दुपदरी गुंडाळली, म्हणजे अर्धी इकडून आणि अर्धी उलट, एकीने झेललेलं दुसरी वजा करते. दुपारी ३५ अंशांना मोजलं: वरचा सा तीन सेंट खाली. ५८ चे तीन! कंपनीत असं काही केलं असतं तर कायझेनच्या फळ्यावर फोटो लागला असता.

आता तारसप्तकाच्याही वरचे सूर बोंबलले. हा आजार वेगळा. टाकी रिकामी करायलाही वेळ लागतो ना! माझ्या सर्किटला एक मायक्रोसेकंद लागत होता. ४४० हर्ट्झला एक भरणं २२७३ मायक्रोसेकंदांचं, त्यात एक म्हणजे एका सेंटपेक्षाही कमी. पण चार सप्तकं वर, ७०४० हर्ट्झला, भरणं १४२ मायक्रोसेकंदांचं, आणि तोच एक मायक्रोसेकंद बारा सेंट खाली ओढतो. नाशिकची एसटी राजगुरुनगरला दहा मिनिटं चहाला थांबली तर कुणाचं बिघडत नाही. भोसरी ते मोशी जाणारी बस प्रत्येक फेरीला दहा मिनिटं चहाला थांबली तर फेऱ्याच होणार नाहीत.

सर्जिओ फ्रँको नावाच्या गृहस्थांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. कपॅसिटरला एक चिमुकला रझिस्टन्स जोडायचा. त्यामुळे टाकी भरायच्या थोडं आधीच सर्किटला वाटतं की भरली. किती आधी? बरोबर तेवढाच वेळ, जेवढा रिकामं करायला लागतो, खर्जातही आणि टिपेलाही. म्हणजे कंडक्टरने बस स्टँडला लागायच्या आधीच फोन करून चहा सांगून ठेवायचा. दुसरा पंथ म्हणतो, टाकी एकदम ओतूच नका, जशी भरली तशीच हळूहळू उपसा. त्यात चहाची भानगड नाही. पण त्यातून करवतीसारखा टोकदार आवाज काढायला गेलं की मध्येच कुबड येतं. कुठलंही सर्किट घ्या, दोष जात नाही, बदली होते.

आणि ही सगळी दुरुस्ती तीन प्रीसेटांवर. एक सा चा, एक सप्तकाच्या रुंदीचा, एक टिपेचा. चाकणला जमिनीला भाव आल्यापासून तीन सख्ख्या भावांचं जसं असतं तसं या तिघांचं आहे. एकाचं मिटवलं की दुसरा उठतो. सगळं सुतासारखं सरळ करायला मला सहा गुरुवार लागले.

आमच्या खात्यातल्या एका ज्युनिअर पोराने हे ऐकलं आणि म्हणाला, “सर, क्रिस्टल का नाही लावत? मायक्रोकंट्रोलरने मोजून टाकी रिकामी करायची. ड्रिफ्टच नाही.” खरं आहे. रोलँडने १९८२ मध्ये ज्युनो सिंथेसायझर काढला तेव्हा जवळपास हेच केलं. पोराला मी म्हटलं, बेटा, त्याच्या चार वर्षं आधी प्रॉफेट-५ नावाचा सिंथेसायझर निघाला होता, त्याच्या सुरुवातीच्या चिपा सुरात राहायला इतका त्रास द्यायच्या, की १९८० मध्ये कंपनीने त्या काढून डग कर्टिसची सीईएम ३३४० बसवली, जिच्यात तापमानाचा हिशेब आतच करून ठेवलेला होता. आणि तरीही वर ‘ट्यून’ असं बटण ठेवावं लागलं. वादक मध्येच ते दाबून थांबायचा. आपल्याकडे गवई तंबोरा लावत बसला की रसिक माना डोलावतात. तिकडे याला बिघाड म्हणतात. पण गंमत पुढे आहे. ज्युनोचा सूर हलेना, तेव्हा लोकच म्हणायला लागले की आवाज जरा निर्जीव वाटतो. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून हर्ट्झभर सुटे असले की सेकंदाला एक लाट येते, आवाज भरल्यासारखा वाटतो. गिऱ्हाइकाला थोडा दोष हवा असतो. मी आयुष्यभर लाल डब्यात टाकत आलो ते हेच. माझं एवढंच म्हणणं आहे, की किती दोष हवा ते ड्रॉइंगवर लिहून द्या.

शेवटी फायनल इन्स्पेक्शनला मी आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना बोलावलं. आळंदीच्या वाटेवर आयुष्य गेलेला माणूस. मी चार सप्तकं वाजवून दाखवली, कुठेही दोन-तीन सेंटच्या वर फरक नाही. बुवांनी चहाची बशी खाली ठेवली.

“गंधार चढा लागतोय.”

मी मोजून दाखवलं. ४०० सेंट, ड्रॉइंगप्रमाणे.

“तुमच्या यंत्राला कळत नसेल. चढा आहे.”

रात्री बसून हिशेब केला. बुवांच्या गळ्यातला गंधार सा च्या सव्वापट, म्हणजे ३८६ सेंट. माझ्या समान भागांच्या पट्टीतला ४००. पार्ट ओके होता, ड्रॉइंगच १४ सेंटनी चढं होतं! तीन सेंटसाठी मी भोसरीतून तांबं आणलं आणि चौदा सेंट बिनबोभाट मंजूर करून टाकले. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत पेटीला गाण्याच्या साथीला बसू दिलं नाही, तिच्यावरच्या आरोपांत हाही एक होता. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी मग २२ श्रुतींची पेटी बनवली, ती काही उगीच नाही.

मी गंधाराला वेगळा प्रीसेट बसवला आणि चौदा सेंट उतरवला. बुवा खूश. पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, आज घसा बसलाय, पांढरी सातला लावा. सा दोन घरं खाली सरकला, उतरवलेली पट्टी आता तीव्र मध्यमाची झाली आणि गंधार पुन्हा चढा लागला. बुवांनी बशी पुन्हा खाली ठेवली.

यंत्र सध्या काळी एकला लावून ठेवलंय. तपकीर गल्लीत नाही, पण तुमच्यापैकी कुणाकडे जुन्या सामानात ३३०० पीपीएमचा एक किलोओमचा रझिस्टन्स पडून असेल तर कृपया कळवा, तांब्याच्या भेंडोळ्याला सुट्टी देता येईल. मी गुरुवारी घरीच असतो. शक्यतो सकाळी लवकर या. बारानंतर आलात तर तीन सेंट सांभाळून घ्या.